न हललेला काटा

परतबघे हे काही त्याचं आडनाव नव्हे. आडनाव चांगलं होतं, पण लाईनीवर ते कुणाला आठवत नसे. मालगाडीचा गार्ड, आणि स्वभाव असा की घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत बघायचा. चूल विझली का ते परत बघायचा, पेटीत झेंड्या ठेवल्या का ते परत बघायचा. त्याची बायको सांगायची, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ह्यांनी मला असं न्याहाळलं, जसं काही रात्रीतून कुणी बदलून ठेवलीय. रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्यांनी त्याला परतबघे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते कायमचं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. घाबरट माणसाला लोक घाबरट म्हणतात, त्यापेक्षा परतबघे बरं.

कारण खरं सांगायचं तर तो भीत होता. नोकरीला लागल्यापासून भीत होता, आणि ज्या लाईनीवर तो होता तिथे न भिणारा माणूसच जरा शंकास्पद होता.

लाईन तशी छोटी. वर डोंगरात चुनखडीची खाण, खाली नदीपलीकडे सिमेंटचा कारखाना, आणि मध्ये सगळा उतार. इतर ठिकाणी इंजिनाचं कौतुक चढावर होतं, किती वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओढल्या, किती धूर काढला. इथे चढायचे ते रिकामे डबे. ते कुणीही चढवेल. उतरायचा तो दगड, गच्च भरलेल्या वाघिणींत, आणि दगडाला घरी जायची भारी घाई असते. म्हणून या लाईनीवर ड्रायव्हर कसा आहे असं विचारलं की लोक सांगायचे, अमुक असा उतरवतो, तमुक तसा उतरवतो. चढवण्याचं नाव कुणी काढत नसे.

इंजिनं तीन पिढ्यांची झाली, आणि लाईनीवरच्या लोकांनी त्यांना जावांसारखी नावं दिली. थोरली म्हणजे वाफेची. काळी, ढमाली, तोंडाळ. ती असताना प्रत्येक दोन-तीन वाघिणींमागे एक ब्रेकवाला टपावर बसायचा, आणि थोरलीनं शिट्टी दिली की सगळे एकदम आपापलं चाक पिळायला लागायचे. पाऊस असो, ऊन असो, ते तिथेच. खाली पोचेपर्यंत तोंडं अशी काळी व्हायची की घरचं पोर ओळखत नसे. मधली म्हणजे डिझेलची. ती आली तेव्हा ब्रेकवाले गेले, कारण हिच्याबरोबर हवेचा ब्रेक आला. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत खालून एकच नळी, प्रत्येक दोन डब्यांमध्ये रबरी होज जोडलेला, आणि त्यात हवा भरलेली. ड्रायव्हरनं हवा कमी केली की साऱ्या डब्यांची चाकं एकदम आवळली जातात. आणि धाकटी म्हणजे हल्लीची, विजेची. तिला मुकी पण म्हणतात. ती कधी येते ते कळतच नाही, आणि हल्ली तिच्यामागे गार्डही नसतो, शेवटच्या वाघिणीला एक लुकलुकणारी डबी लावतात, बस. पण आपली गोष्ट मधलीच्या वेळची.

आता थोरलीच्या जातीचं एक इंजिन या उतारावर कायमचं मुक्कामाला होतं. मोठ्या डाव्या वळणाखाली घळ होती, आणि त्या घळीत ते कुशीवर पडलेलं. कधी पडलं, कोण होतं त्यात, याच्या कथा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. बाहेर काढायचा खर्च परवडेना म्हणून तिथेच सोडलं. त्याच्या धुराड्यातून एक झाड वर आलं होतं आणि चांगलं फोफावलं होतं. परतबघे प्रत्येक फेरीला त्या वळणावर मान दुसरीकडे वळवायचा. साऱ्या जगात तेवढी एकच गोष्ट तो परत बघत नसे.

गार्डाचं काम म्हणजे एकटेपणाचं काम. गाडीच्या शेवटी एक छोटा डबा, त्यात एक बाकडं, दोन्ही बाजूंना खिडक्या, हातब्रेकचं लोखंडी चाक, हवेचा दाब दाखवणारं घड्याळासारखं मीटर, आणि त्याच्याखाली एक पितळी दांडा. तो दांडा खाली ओढला की नळीतली हवा मागूनच सुटते आणि गाडी थांबते. पुढे इंजिनात दोघं असतात, बोलतात, भांडतात, चहा पितात. मागे गार्ड आणि काटा. परतबघे त्या काट्याकडे असा बघत बसायचा, जसा एखादा आजारी माणसाच्या छातीकडे बघत बसतो, श्वास चाललाय ना, चाललाय ना.

ड्रायव्हर लोक त्याची थट्टा करायचे. त्यातला सगळ्यात मोठा थट्टेखोर म्हणजे तोरेबुवा. हेही आडनाव नव्हे. मिशा, खांदे, चालणं, सगळ्यात तोरा, म्हणून तोरेबुवा. पण हात असा की भरलेली गाडी उतरवताना मागच्या डब्यात ठेवलेला चहा हिंदकळत नसे. परतबघे एरवी कुणाच्याही गाडीवर जाताना घाबरायचा, तोरेबुवाच्या गाडीवर जरा कमी. आणि नशिबाचा खेळ बघा, परतबघेची मुलगी तोरेबुवाच्या मुलाला दिली गेली. दोघे व्याही झाले. मुलगाही रेल्वेतच, बापाच्याच इंजिनावर असिस्टंट. डाव्या बाजूला बसायचा. मुलगा गुणी, शांत. सासऱ्याला मामा म्हणायचा आणि त्याची भीती बघून कधी हसला नाही.

लग्नाआधी परतबघेला स्वतःपुरतीच भीती होती. आता ती दुप्पट झाली, आणि निम्मी गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मुलीला दिवस गेले तशी ती आणखी वाढली. जेवताना घास तोंडाशी न्यायचा आणि थांबायचा. बायकोनं विचारलं की म्हणायचा, काही नाही, त्या वळणावर रूळ जरा खचल्यासारखा वाटला. बायको म्हणायची, अहो, रूळ तिकडे आहे, भात इकडे आहे, आधी भाताकडे बघा.

शेवटी त्यानं एक गोष्ट केली आणि तिथून सारं बिघडलं. कुणाला न विचारता तो यार्डाच्या साहेबाकडे गेला आणि हळूच म्हणाला, जावयाला इंजिनावरून काढून भांडारात घेता आलं तर बघा. तिथे बोल्ट मोजायचे, ग्रीसचे डबे लावायचे, संध्याकाळी घरी. साहेबानं बघतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी तोरेबुवाच्या कानावर गेली. यार्डात बातमीला चाकं असतात.

तोरेबुवा तडक परतबघेच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, हे मुलीच्या आईच्या फार मनाला लागलं. आवाज चढवलाच नाही. म्हणाला, "व्याही, तुमची भीती तुमच्या डब्यात ठेवा. माझ्या घरात आणू नका." आणि वळून गेला. खरं तर परतबघेला म्हणायचं होतं की अहो, तुमच्या घरात माझी मुलगी आहे, भीती तिच्या आधीच तिथे पोचलीय. पण असं नेमकं बोलणं त्याला नेहमी माणूस गेल्यावर सुचायचं.

तेव्हापासून अबोला. कामापुरतं बोलायचं, तेही वॉकी-टॉकीवर, तेही आकड्यांत. मुलगा मधल्या मध्ये दोघांचे निरोप नेऊन दमला. मुलगी माहेरी आली की सासऱ्याचा विषय निघत नसे, सासरी गेली की बापाचा.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. डोंगराच्या माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, एक छोटं स्टेशन होतं. तिथे प्रत्येक भरलेली गाडी थांबायची. ड्रायव्हर इंजिनाकडून मागे चालत यायचा, गार्ड शेवटच्या डब्याकडून पुढे. दोघंही वाकून प्रत्येक जोड बघत, होजला हात लावत, त्याच्या बाजूचा छोटा दांडा, म्हणजे कॉक, उघडा आहे ना ते चाचपत यायचे. गाडीच्या मधोमध दोघांची गाठ पडायची. तिथे हातात हात द्यायचा, दोन शब्द बोलायचे, कुणी विडी पेटवायचं, आणि मग आपापल्या टोकाला परत. नियमांच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नव्हतं. पुस्तकात होतं, तपासणी करावी. पण थोरलीच्या काळापासून हात दिल्याशिवाय गाडी उतरत नसे. हात दिला म्हणजे पुढची निम्मी माझी, मागची निम्मी तुझी, आणि मध्ये काही राहिलं नाही.

त्या दिवशी दुपारची गाडी होती. ऊन रखरखीत, खडी अशी तापलेली की बुटातून चटका लागावा. वर खाणीत ब्रेकची पूर्ण चाचणी झाली होती. तोरेबुवानं हवा कमी केली, मागे परतबघेचा काटा पडला, परत भरली, काटा चढला. सारं ठीक. पण माथ्याच्या स्टेशनात गाडी थांबली आणि मधल्या कुठल्यातरी होजमधून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रबर चिरलं होतं. स्टेशनातला फिटर आला, दोन्हीकडचे कॉक बंद केले, फाटका होज काढला, नवा लावला, हात पुसले आणि दोन्ही टोकांना ओरडून सांगितलं, झालं.

एका बाजूचा कॉक त्यानं उघडला होता. दुसऱ्या बाजूचा राहिला.

हे काही मोठं संकट नव्हे. अशा चुकांसाठीच तर ती मधली गाठ होती. तोरेबुवा इंजिनातून उतरला, एकेक जोड बघत मागे निघाला. परतबघे आपल्या डब्यातून उतरला, एकेक जोड बघत पुढे निघाला. दोघांनी आपलं काम अगदी मनापासून केलं. आणि मध्यावर पोचता पोचता परतबघेला व्याह्यांची मिशी दिसली.

आता समोरासमोर आलं की हात द्यावा लागणार. हात दिला की बोलावं लागणार. परतबघेला वाटलं, पलीकडचा एक जोड काय, तो तर ते बघतीलच, आत्ताच फिटर तिथे होता, आणि तो वळला. तिकडे तोरेबुवानं व्याही येताना बघितला, त्यानंही मनात म्हटलं, तो परतबघ्या सात वेळा बघणारा माणूस, मधला जोड त्यानं बघितल्याशिवाय राहणार आहे थोडाच, आणि तोही वळला. दोन शहाणी माणसं, एकच जोड मध्ये सोडून, पाठीला पाठ करून आपापल्या टोकाला गेली.

वॉकीवर आवाज आला, "मागं दाब?"

परतबघेनं काट्याकडे बघितलं. काटा ठणठणीत, जिथे असायला हवा तिथेच. म्हणाला, "पूर्ण."

बरोबरच होतं. बंद कॉकच्या मागे सगळी हवा कोंडली होती, जायला जागाच नव्हती. परतबघेनं हिरवी झेंडी दाखवली. मधलीनं भोंगा दिला आणि गाडी माथ्यावरून खाली झुकली.

पहिल्या फर्लांगात काही कळत नाही. दगड विचार करत असतो. मग डब्यांच्या सांध्यांतून एक खडखडाट पुढून मागे जातो, आणि गाडीचा आवाज बदलतो. इथे तोरेबुवा नेहमी पहिला ब्रेक लावायचा, अगदी हलका, हवा किंचित कमी करून. मागे परतबघेचा काटा पापणी लवावी तसा खाली यायचा आणि त्याच्याही जिवाला जरा थारा मिळायचा.

आज काटा हलला नाही.

परतबघेला वाटलं, अजून लावला नसेल. गाडीनं वेग धरला. खिडकीबाहेरचे तारांचे खांब जवळ जवळ यायला लागले. काटा जागच्या जागी. आणि मग त्याच्या मनात आलं की हे मुद्दाम चाललंय. दारात उभं राहून बोलून पोट भरलं नाही, आता गाडी सोडून मला घाबरवतोय. घाबर म्हणतोय, बघू किती घाबरतोस. त्याला राग आला, आणि रागानं भीती थोडी झाकली गेली. त्यानं दोन्ही हातांनी बाकडं धरलं. मनात म्हणाला, मी बोलणार नाही. बोलायची हौस त्यांना असेल तर त्यांनी बोलावं.

तिकडे इंजिनात, हे नंतर जावयानं सांगितलं, तोरेबुवाही तेच करत होता. ब्रेक लावला, गाडीनं धरलं नाही, आणखी लावला, तरी मागून रेटा येतोच आहे. म्हणाला, तुझ्या सासऱ्यानं हातब्रेकला हातसुद्धा लावलेला नाही बघ, मागं बसून माझी परीक्षा घेतोय. पण हे म्हणताना त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, असं मुलगा सांगायचा. बापाच्या कपाळावर घाम त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितला.

मागे परतबघेच्या नाकात वास शिरला.

जळका, लोखंडी वास. ब्रेकचे ठोकळे चाकावर घासून तापले की येतो तो. वारा पुढून मागे येत होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. गाडी लांब होती, थोडी वळलेली, आणि पुढच्या निम्म्या वाघिणींच्या चाकांतून निळा धूर निघत होता. मागच्या निम्म्या एकदम स्वच्छ. एकाही चाकाला धूर नाही.

राग असा उतरला, जसा कुणी पायाखालचा पाट काढून घ्यावा. व्याही ब्रेक लावतायत. कधीपासून लावतायत. आणि माझा काटा हलत नाही. म्हणजे त्यांचा ब्रेक माझ्यापर्यंत येतच नाही. निम्मी गाडी निम्म्या गाडीला ढकलतेय, आणि सगळ्यात पुढे, त्या ढकलण्याच्या टोकाला, पोर बसलंय.

आयुष्यभर परतबघे ज्या गोष्टीला भ्यायचा मानेनं, डोळ्यांनी, झोपेत सराव करत होता, ती गोष्ट आली होती, आणि तिचं तोंड त्यानं कल्पना केली होती तसं मुळीच नव्हतं. साधा, निरोगी, पूर्ण दाब दाखवणारा काटा.

त्यानं पितळी दांड्याकडे हात नेला आणि थांबला. ओढला तर मागच्या डब्यांतली कोंडलेली हवा सुटेल, मागची निम्मी गाडी एकदम आवळली जाईल. एकदम. पुढे धावणारी आणि मागे अडलेली, डबे जोडणारा मधला आकडा त्या झटक्यानं तुटला तर? किंवा मोठ्या वळणावर, झटका बसला तर कुठल्या वाघिणी कुठे जातील ते घळीतलं झाड रोज सांगत होतं. न ओढावं तर तो रेटा तसाच वळणात शिरणार. एका हातात मरण आणि दुसऱ्या हातात मरण.

मग त्यानं वॉकी उचलली. बटण दाबलं. बटण सोडलं, परत दाबलं.

"व्याही," तो म्हणाला, "काटा हलत नाही. तुमचा ब्रेक माझ्याकडं येत नाही हो. मधे कुठंतरी बंद आहे."

मग तोरेबुवाचा आवाज आला, इतका हलका की परतबघेनं आधी ओळखलाच नाही. "वळण येतंय."

"येतंय. मी मागून धरतो. हळूहळू धरतो. तुम्ही लावलाय तो सोडू नका, आणि वाढवू पण नका. मी धरलं की गाडी ताणल्यासारखी वाटेल. घाबरू नका."

घाबरू नका, हे शब्द परतबघेनं उभ्या जन्मात कुणाला म्हटले नव्हते. पण त्या वेळी त्याच्याही लक्षात आलं नाही.

आधी हातब्रेक. चाक गंजानं खरखरीत झालेलं, पिळताना तळहात सोलले. त्यानं सगळं अंग त्याच्यावर टाकलं. डबा थरथरला, गाडीचं शेपूट किंचित मागे ओढलं गेलं, आणि सांध्यांतला खडखडाट या वेळी उलटा, मागून पुढे, ताणत ताणत गेला. मग पितळी दांडा. एक केसभर. हवा फुसकन सुटली. काटा हलला, हलका खाली आला. या उतारावर आज पहिल्यांदाच काटा पडताना बघून त्याला बरं वाटलं. दांडा वर. थांबला, कान लावले. आकडे करकरले, तुटले नाहीत. परत केसभर. परत थांबला. त्याच्या चाकांतूनही आता तो जळका वास यायला लागला होता. मोठं वळण समोर उघडत चाललं, इंजिन वळणाच्या तोंडाशी गेलं, आणि डाव्या बाजूच्या खिडकीतून त्याला एक हात बाहेर आलेला दिसला. जावई मागे वाकून बघत होता. परतबघेनं डोळे मिटले नाहीत. परत केसभर. दांडा आता जवळजवळ खाली. वेग तुटला. खांब एकमेकांपासून लांब गेले. मग आणखी लांब. शेवटी एक दीर्घ, दात शिवशिवावेत असा किंकाळीसारखा आवाज झाला आणि गाडी थांबली. इंजिनाचं नाक वळणात शिरलेलं, बाकी सगळी गाडी उतारावर अडकवून ठेवल्यासारखी.

गरम लोखंड टिचकत होतं. खाली घळीत एक पाखरू ओरडलं.

परतबघेला खाली उतरता येईना. तो बाकड्यावर बसला, वॉकी मांडीवर, आणि पुढे खडीवर पावलं वाजायला लागली तेव्हा त्याला कळलं की जावई जोड तपासत मागे येतोय. मध्यावर पावलं थांबली. कुणीतरी दांडा वळवल्याचा आवाज आला, मग हवेचा सुस्कारा, मागच्या नळीत पुन्हा भरत जाणारी हवा. मग पावलं परत चालू झाली आणि दारात जावयाचं तोंड दिसलं. ते तोंड पांढरं पडलं होतं, आणि वय एकदम कमी झाल्यासारखं दिसत होतं.

"मामा, मधला कॉक बंद होता," तो म्हणाला. परतबघेनं मान हलवली. जावयानं त्याचे सोललेले तळवे बघितले, खिशातून रुमाल काढला, एका हाताला बांधला. दुसऱ्याला बांधायला काही नव्हतं.

तेवढ्यात मांडीवरची वॉकी बोलली. तोरेबुवाचा आवाज. आधी खाकरला.

"पोचला का तो तिथं?"

"पोचला."

मग, "त्याला तिथंच ठेवा. तुमच्या डब्यात. मी उतरवतो खालपर्यंत."

जावयानं मान खाली घातली. परतबघे त्या वॉकीकडे बघत राहिला. एवढे दिवस जे मागत होता, ते आपल्या पायांनी चालत त्याच्या डब्यात आलं होतं. पोर समोर होतं. मागच्या डब्यात, जिथे काही झालंच तर सगळ्यात शेवटी होतं. त्यानं नुसतं बरं म्हणायचं होतं. आणि ते बरं त्याच्या ओठांपर्यंत आलंही होतं, हे त्यानं पुढे आपल्या बायकोला सांगितलं.

पण पुढे मोठं वळण होतं, आणि ते डावं वळण. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डाव्या वळणात त्याला स्वतःची गाडी दिसत नाही. कुठे धूर आहे, कुठलं चाक घासतंय, मागून कुणी झेंडी दाखवतंय का, ते असिस्टंटनं सांगायचं असतं. ठोकळे तर तापून लाल झालेले, अजून निम्मा उतार बाकी. आणि तिथे एक म्हातारा माणूस, एकटा.

परतबघेनं बटण दाबलं. "नाही. पाठवतो. एकट्यानं उतरवायची नाही."

"व्याही, ऐका माझं..."

"ठोकळे गार होऊ देत आधी. मग चाचणी घेऊ. तोवर पाणी प्या."

जावई म्हणाला, "मामा, तुम्हीच तर म्हणत होतात, इंजिनावर नको म्हणून."

"म्हणत होतो," परतबघे म्हणाला. "आजही म्हणतो. घरी गेल्यावर परत म्हणेन. आत्ता पुढं जा. तुझ्या बापाला डाव्या अंगाचं दिसत नाही."

पोर गेलं. परतबघे डब्याच्या पायरीवर उभा राहून बघत होता. पाठमोरा शर्ट, घामानं चिकटलेला, वाघिणींच्या बाजूनं लहान होत होत इंजिनापर्यंत गेला आणि वर चढला. त्याला हाक मारून परत बोलवावं असं परतबघेला वाटलं. एकदा तर तोंड उघडलंही.

ठोकळे गार व्हायला वेळ लागला. मग तोरेबुवानं हवा कमी केली, काटा पडला. भरली, चढला. परतबघेनं आणखी एकदा घ्यायला लावली. मग आणखी एकदा. तोरेबुवा एरवी म्हणाला असता, झोपू का आता इथंच. आज त्यानं जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा घेतली.

गाडी खाली गेली. पूल ओलांडला, कारखान्याच्या यार्डात उभी राहिली. त्या उरलेल्या उतारात परतबघे बसला नाही, आणि काय काय दिसलं हे त्याला सांगता यायचं नाही, एक काटा सोडला तर. चौकशी झाली. दोघांनीही सांगितलं की मधला जोड कुणीच बघितला नव्हता. दोघांनाही समज मिळाली, फिटरला जास्त मिळाली.

संध्याकाळी तोरेबुवा परतबघेच्या घरी आला. या वेळी आत आला, बसला, पाणी प्यायला. बांधलेल्या हातांकडे बघत म्हणाला, "बोला तुम्ही त्याच्याशी भांडाराचं. मी आडवा येणार नाही." परतबघे बोलला. जावयानं सगळं ऐकून घेतलं, मुलीनंही ऐकून घेतलं. आणि जावई म्हणाला, मामा, आज मी तिथं नसतो तर कॉक कुणी उघडला असता? मुलगी पोटावर हात ठेवून नुसती बापाकडे बघत राहिली. परतबघेला उत्तर याही वेळी सुचलं नाही, आणि माणूस गेल्यावरही सुचलं नाही.

जावई इंजिनावरच राहिला. हल्ली तो धाकटी चालवतो, आणि त्याच्या गाडीच्या शेवटी ती लुकलुकती डबी असते, गार्ड नसतो. परतबघे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्याचं घर उताराच्या पायथ्याशी, पुलाच्या अलीकडे आहे. मुकी येते ती कळत नाही, म्हणून तो घरात बसत नाही. जावयाची दुपारची फेरी असली की ओट्यावर खुर्ची टाकतो, वर डोंगराकडे तोंड करून. जेवण झाकून ठेवलेलं असतं. बायको म्हणते, अहो, जेवून घ्या, गाडी यायची तेव्हा येईल. तो म्हणतो, हो, आलोच. आणि गाडीचं शेपूट पुलावरून पलीकडे जाईपर्यंत उठत नाही.